वर्गणी घ्या, पण तपासू नका

इंदुमतीबाईंचा सोमवार म्हणजे डोक्याला ताप. दिल्लीच्या करोल बागेतला बाजार त्या दिवशी बंद, त्यामुळे गलाईवाले आपापल्या खोल्यांवर सापडायचे. मग सरकारी इस्पितळातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या ह्या बाई दुखरे गुडघे सावरत एकेक जिना चढायच्या आणि दवाखान्याची वर्गणी गोळा करायच्या. गलाईवाले म्हणजे जुने दागिने वितळवून सोनं शुद्ध करणारे, बहुतेक सांगलीकडचे. दिवसभर भट्टी आणि ॲसिडचा धूर. छाती त्यांची खराब होणार नाही तर कुणाची? म्हणून तर सगळ्यांनी आठवड्याला वीस-वीस रुपये घालून हा दहा खाटांचा दवाखाना उभा केला होता.

पैशांची तक्रारच नव्हती. बाई दारात दिसल्या की नोट पुढे! पण मेले तपासून घ्यायला यायचेच नाहीत. दवाखान्यात गर्दी असायची ती रिक्षावाल्यांची, भाजीवाल्यांची. आणि ज्यांचा दवाखाना, ते पठ्ठे गल्लीतल्या कुठल्याशा डॉक्टरला रोख पैसे मोजून खोकल्याची बाटली आणायचे.

सगळ्यांत कहर अंबादासचा. वर्गणीला पहिला तो आणि खोकल्यालाही पहिला तोच. त्या सोमवारी तर त्याचा खोकला खालच्या मजल्यावरूनच ऐकू येत होता.

"अंबादास, अरे, किती वेळा घसा कोरडा करू? उद्या ये. छातीचा फोटो काढू."

"मावशी, दान दिलेलं परत घ्यायचं नसतंय. देवापुढं ठेवलेला नारळ कोण माघारी मागतंय का?"

"दान कसलं डोंबलाचं! तुमचे पैसे, तुमच्याच छातीसाठी!"

"गरिबाला होऊ द्या की उपेग."

"आणि तू कोण मोठा लागून गेलास रे?"

खोलीतले बाकीचे चौघे हसले. अंबादासची बायको गिरिजा मात्र गॅस बंद करून पुढे आली. "मावशी, काल थुंकीत रक्त होतं. सांगू नको म्हणालेत."

अशी माणसं बाईंनी वॉर्डात उशिरा येताना पाहिली होती, आणि त्यातली कितीतरी परत गेली नव्हती. भीती वाटली की बाईंना राग यायचा, तसा तो आला. अंबादासनं नुकतीच दिलेली नोट त्यांनी त्याच्याच अंगावर टाकली.

"ही नको मला. आजपासून तुझी वर्गणी बंद!"

अंबादासचा चेहराच उतरला. "म्हंजे? माझा पैसा खोटा हाय?"

"तसं समज. जो तपासून घेणार नाही, त्याचा रुपयाही नको."

बाई तरातरा निघाल्या खऱ्या, पण जिना उतरताना अर्ध्यावरच थांबल्या. चारचौघांत आपण फार बोललो का? आता हा रुसून गावी निघून गेला, तर?

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच अंबादास पायरीवर बसलेला. तोंड फुगलेलं, शेजारी गिरिजा आणि मागे खोलीतले ते चौघेही.

"माझी वर्गणी बंद करू नका, मावशी. काढा काय फोटो काढायचा ते."

"आमचाबी काढा," मागून एकजण म्हणाला. "न्हाईतर उद्या आमचीबी बंद कराल."

हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा, बाईंना कळेना. धन्य आहे बाबा ह्या लोकांची!

चौघांच्या फोटोंत काही निघालं नाही. अंबादासचा फोटो मात्र डॉक्टरांनी उजेडासमोर बराच वेळ धरला. "टीबी आहे. गोळ्या नीट घेतल्या तर बरे व्हाल. पण आणखी उशीर केला असता, तर कठीण होतं. काही दिवस इथंच राहायचं."

गिरिजा पदर तोंडाला लावून रडू लागली. बाईंनी खाटेवर धुतलेली चादर घातली, अंबादासला झोपवलं आणि पांघरूण ओढून दिलं. त्यानं पांघरुणातून हात बाहेर काढला. मुठीत चुरगळलेली वीसची नोट होती.

"ह्या आठवड्याची, मावशी."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यांनी नोट घेतली. घेतली नसती, तर तो खाटेवरून उठून चालू लागला असता.