रमीची लिंक
लॅमिनेशनच्या तापलेल्या प्लॅस्टिकचा वास आला की नालवाडीतलं ते झेरॉक्सचं दुकान आठवतं. काका गेले त्या दिवशी कोणीतरी त्यांच्या फोटोंची लिंक घरच्या ग्रुपवर टाकली होती. तेरवीला फोटो हवा म्हणून मी काकूला घेऊन तिथे बसलो आणि त्या दिवसाचे सगळे मेसेज लिंका वेगळ्या काढणाऱ्या ऑनलाइन टूलमध्ये टाकले. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, जोडलेले हात, पाठवणाऱ्यांची नावं, सगळं गळून पडलं. उरलं ते मी वाचून दाखवलं: फोटो, साड्यांचा सेल, रमी. “मानूस घरात पडून होता अन् हे असं टाकून राह्यले होते? शी! रमीचं कोनं टाकलं?” काकूनं विचारलं. “मले काय माहीत,” मी म्हणालो. नवा खेळाडू जोडला की मिळणाऱ्या बोनससाठी पाठवलेल्या त्या लिंकच्या शेवटी इंग्रजीत माझंच नाव होतं. काकूला इंग्रजी वाचता येत नाही, अजूनही.