तारेतला करंट

नंदिगड्ड्याचा लखू भित्रा नव्हे. वाटेत गवा आडवा आला तर हा बाजूला होऊन त्याला वाट देतो आणि वर चार शिव्याही घालतो. त्याच लखूला यंदा एका बोटभर पट्टीला भिताना मी पाहिलं. मी त्याची शेजारीण.

त्याची सुनयना सहा वर्षांची. शिमग्याच्या सुमारास तिचे गाल भरले, तेव्हा पोर बाळसं धरतंय म्हणून मीच कौतुक केलं. डोंबलाचं बाळसं. आठवड्यात सुजेनं डोळे उघडेनात, पोट ताठ झालं, लघवीवर साबणासारखा फेस येऊ लागला. तिच्या आईनं, केशरनं, तो फेस दाखवला तेव्हा लखूनं पोरीला उचलून बेळगावची बस धरली.

बेळगावच्या डॉक्टरांनी किडनीचं नाव काढलं. आमच्याकडं किडनी म्हटली की माणूस गेलंच असं धरतात. सोबतीला मी होते. लखूनं चाचरत विचारलं, "चाळण फाटली काय, सायब?"

फाटलेली दिसत नाही, डॉक्टर म्हणाले. रक्त गाळणाऱ्या पडद्यावर ऋण विद्युतभार असतो आणि रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनावरही ऋणच. सारखे भार एकमेकांना लोटतात, म्हणून भोकातून निसटू शकणारं हे प्रथिनही रक्तात राहतं. पोरीच्या पडद्याचा तो भार उतरला असावा. प्रथिन लघवीत चाललंय, म्हणून रक्तातलं पाणी अंगात झिरपतंय. गोळ्या द्यायच्या, रोज सकाळी लघवीत पट्टी बुडवायची. हिरवी झाली तर प्रथिन जातंय. लागोपाठ तीन दिवस पिवळी राहिली तर थांबलं. चार आठवड्यांत थांबलं नाही, तर सुई घालून किडनीचा तुकडा तपासायला काढावा लागेल.

हे लखूला नेमकं कळलं. गेल्या सुगीत रानडुकरांनी त्याचं भात तुडवलं, तेव्हा कुंपणाची झटक्याची तार कुठं तुटली म्हणून तो तीनदा शेताभोवती फिरला होता. तार धड होती, बॅटरी उतरली होती. दोन तारांमधून डुक्कर केव्हाही शिरलं असतं, त्याला अडवत होता तो करंट. किडनीत झटका नसतो, नुसतं लोटणं असतं, पण मी त्याला दुरुस्त करत बसले नाही.

"तारंची बॅटरी बदलता येती, वयनी," बसमध्ये तो म्हणाला. "हिची कुठं मिळायची?"

पहिला आठवडा पट्टी हिरवी. दुसराही हिरवाच. पट्टी तुम्हीच बघा म्हणून लखू रोज उजाडताच मला बोलवायचा आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा. मलाही भीती वाटायची, पण सांगणार कुणाला?

अठराव्या दिवशी पट्टी पिवळी राहिली. मी डबीवरच्या रंगांशी दोनदा ताडून पाहिली आणि त्याला सांगितलं. तो तडक शेताकडं निघाला. मी मागोमाग गेले, तर यानं झटक्याचं बटण चालू केलं आणि करंट आलाय का बघायला उघडा तळवा तारेवर ठेवला. हात झाडत बांधावर बसला नि रडायला लागला.

मी रागावले. पट्टी पिवळी आहे ना, मग आता कशाला भितोस?

"आज येकच दिस झाला, वयनी," तो म्हणाला. "अजून दोन हायत."