सरीतला प्रश्न

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या मित्राबरोबर रोज सकाळी कृष्णेच्या घाटावर फिरायला जातो त्यालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि जे ओळखतात ते माझं कौतुक करतात — तेच आता ऐकवत नाही.

मी कराडात राहतो. दुकानदारांना लागणारी सॉफ्टवेअरं बनवणं हा माझा धंदा. आप्पा माझे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. त्यांची खतं-औषधांची दुकानं कराडपासून पार आष्ट्यापर्यंत आहेत, आणि त्या प्रत्येक दुकानातला कॉम्प्युटर माझ्या हाताखालून गेलेला. लोक मला ‘सर’ म्हणतात, कारण तरुणपणी मी कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचो. क्लास केव्हाच बंद पडले, सर तेवढं चिकटून राहिलं. खरं सांगू? मला ते आवडतं. अजूनही आवडतं.

मग आप्पांनी स्नेहलला आणलं. उंब्रजची मुलगी, रोज एसटीने यायची, डबा उघडायच्या आधी लॅपटॉप उघडायची. आप्पांना अ‍ॅप हवं होतं — शेतकऱ्याने मोबाइलवर आपलं पीक सांगायचं, अडचण सांगायची, अ‍ॅपने औषध सुचवायचं आणि दुकानाच्या टेम्पोने ते घरपोच करायचं. मी म्हणालो होतो, पावसाळा उलटून जाईल. स्नेहल एआयशी मराठीत गप्पा मारल्यासारखी बोलायची, हवं ते सांगायची, आणि ते यंत्र तिला भराभर कोड लिहून द्यायचं. मी अजून कुठली खिडकी कुठे ठेवायची याचा कागद रंगवत होतो, तोवर तिचं अ‍ॅप चालायला लागलं होतं.

आप्पा सगळ्यांसमोर हसत म्हणाले, “सर, आता तुमच्याबिगर बी चालतंय की.”

चेष्टाच होती ती. आप्पांचा स्वभावच तसा. मीही हसलो, चहा मागवला, स्नेहलचं अभिनंदन केलं. पण ते वाक्य माझ्या घशाखाली उतरलं नाही. एवढ्याशा वाक्याने माणूस असा करतो का? — तुम्ही विचाराल. करतो. मी केलं.

आता तुम्हाला शेतीतली एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या भागात ऊस लहान असतो तेव्हा उसाच्या दोन ओळींमधली सरी कुणी मोकळी ठेवत नाही. तिथे भुईमूग लावतात, हरभरा लावतात, कोथिंबीर टाकतात. पण रानात काय लावलंय असं विचारलं, की उत्तर एकच — ऊस. सरीतलं पीक कुणी पिकात धरत नाही. ऊस कारखान्याला जाणारा, म्हणून तो घरातल्या बाप्याचा. सरीतला भुईमूग बाईचा. टोकणी तिची, खुरपणी तिची, शेंगाही तिच्या. आणि उसातलं तण मारायचं जे औषध आहे ते रुंद पानांवर चालतं. उसाला काही होत नाही, भुईमुगाचा मात्र चोथा होतो.

म्हणून आप्पांच्या दुकानात एक रीत आहे. ती बाटली मागितली की काउंटरवरचा माणूस फळीकडे हात नेण्याआधी विचारतो, “सरीत काय हाय?” गिऱ्हाईक भाऊबंद असो नाहीतर अनोळखी, प्रश्न चुकत नाही. हा प्रश्न ऐकत मी त्या दुकानांमध्ये म्हातारा व्हायला आलो.

आणि स्नेहलच्या अ‍ॅपमध्ये हा प्रश्न होता.

होता — हे नीट लक्षात ठेवा. तिने काउंटरशेजारी स्टूल टाकून लोकांचं बोलणं ऐकलं होतं, आणि तिथूनच तो उचलला होता. पीक कोणतं, या प्रश्नाच्या लगेच खाली: सरीत दुसरं काही लावलंय का?

अ‍ॅप बाहेर पडायच्या आधी आप्पांची तक्रार आली. प्रश्न फार झालेत, माणूस कंटाळून फोन खिशात घालेल, थोडे कापा. स्नेहल माझ्याकडे आली. म्हणाली, “सर, तुमीच कापा. शेतीतलं तुमाला जास्त कळतंय.” आणि स्वतःची खुर्ची मला देऊन ती डबा खायला गेली.

तिने मला खुर्ची दिली. हे आठवताना मी दर वेळी इथेच अडतो.

मी प्रश्न कापायला बसलो. गाव, जमिनीचा प्रकार, पाण्याची सोय — काही कापले, काही एकत्र केले, काम चोख चाललं होतं. मग तो प्रश्न आला. इतके दिवस मी स्वतःला सांगत आलो, की प्रश्न कमीच करायचे होते, त्यात तो गेला. घाईत गेला. कुणाचाही गेला असता.

नाही गेला घाईत. माझा हात थांबला होता. मी तो प्रश्न वाचला, पुन्हा वाचला, आणि मला कळलं की हा काढला तर कुठेतरी काहीतरी जळणार. दोष कुणावर जाणार तेही कळलं. मग मी तिच्या लॅपटॉपवर, तिच्या नावाने, यंत्राला लिहिलं — हा प्रश्न काढून टाक.

यंत्राने लगेच काढला नाही. त्याने उलट मला सांगितलं, की हा प्रश्न नसेल तर उसातल्या आंतरपिकाला इजा होईल असं औषध सुचवलं जाऊ शकतं. तरीही काढू का?

मी लिहिलं, हो. मग तेवढं बोलणंही तिथून पुसून टाकलं. स्नेहल डबा धुऊन आली तेव्हा मी तिला म्हटलं, झालं बघ, आता सुटसुटीत वाटतंय. तिने एकदा वर-खाली फिरवून बघितलं असेल. सरांनी तपासलंय म्हटल्यावर ती आणखी काय बघणार?

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले? मजेत, असं म्हणायला मी तयार आहे, पण ते खरं नाही. आप्पांचा फोन वाजला की मी पहिल्याच रिंगला उचलायचो. दुसरा कुठलाही विषय निघाला की हायसं वाटायचं, आणि त्याच्याच मागोमाग थोडी निराशाही. हो, निराशा. मी वाट बघत होतो. एका शब्दाने मी तो प्रश्न परत घालू शकलो असतो, आणि रोज सकाळी मी तो घातला नाही.

फोन आष्ट्याहून आला. आप्पा, स्नेहल आणि मी जीपने गेलो. रान दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईकाचं, शालनकाकींच्या घरचं. ऊस हिरवागार, डौलात उभा. त्याच्या मधल्या सऱ्यांतला भुईमूग पिळा घातल्यासारखा वळलेला, शेंडे जमिनीला टेकलेले. काकींचे यजमान तावातावाने फोन दाखवत होते. “आवं, तुमच्या मोबाइलनंच सांगितलं. पीक इचारलं, म्या ऊस दाबलं. आनि काय दाबायचं?”

काकी ओरडल्या नाहीत. एक रोप उपटून त्यांनी हातात धरलं होतं. बी त्यांच्या माहेरचं होतं, दर साली त्यातलंच राखून पुन्हा लावायच्या. म्हणाल्या, “दुकानात ह्ये गेलं की तिथली मानसं इचारत्यात, सरीत काय हाय. मग ह्ये घरी फोन करून मला इचारत्यात. औंदा मला कुनी इचारलंच न्हाई.”

स्नेहल फोनवर अ‍ॅप उघडून वर-खाली शोधत होती. बांधावर माणसं जमली होती, आवाज चढायला लागले होते. आणि मी — ज्याने बोलायला हवं होतं तो मी — मोठ्याने म्हणालो, “अहो, एआयला आपल्या सरीतलं काय कळणार? ते काय कधी खुरपायला आलंय?”

लोक हसले. राग ओसरला. आप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली. सगळ्या बांधावर फक्त दोघी हसल्या नाहीत, काकी आणि स्नेहल.

परत येताना आप्पा पुढे बसले होते. मागे स्नेहल हळूच म्हणाली, “सर, तो प्रश्न होता ना आपल्याकडं? मी घातला होता.”

तीच वेळ होती. जीपच्या आवाजात आप्पांना ऐकूही गेलं नसतं. मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, “मला तरी दिसला नाही बाई. यंत्र कधीकधी स्वतःच गाळतं म्हणतात.” यंत्रं तसं करतात, हे तिलाही माहीत होतं. तिने फोन बंद करून पिशवीत टाकला. मग म्हणाली, “मग मीच बघायला पाहिजे होतं.”

मी म्हटलं, “असू दे. होतं असं.” मी तिला धीर दिला. कळतंय का तुम्हाला? मी तिला धीर दिला.

आप्पांनी तिला काढलं नाही. पण त्या दिवसानंतर तिच्या प्रत्येक कामावर त्यांनी मला बसवलं — सर बघतील, मगच पुढे. माझं ते सरीतलं वाक्य दुकानादुकानांत फिरलं. स्नेहल आली की कुणीतरी काउंटरवरून म्हणायचं, काय, खुरपायला आलं का तुमचं एआय? तीही आधी हसायची. मग एसटी चुकायला लागली, मग ती यायची बंद झाली. आता ती उंब्रजलाच भावाच्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकते. कोड लिहीत नाही. मी चौकशी केली होती. मदत करायला नव्हे. तिला काही कळलंय का, ते बघायला.

मी आज एआयशिवाय एक ओळ लिहीत नाही. तिच्यासारखाच त्याच्याशी मराठीत बोलतो. कधीकधी ते विचारतं, हे काढू का? तेव्हा मी कीबोर्डवरून हात उचलतो.

आणि तो प्रश्न? तो मीच परत घातला, आष्ट्याहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत. आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात, की हा आमच्या सरांचा प्रश्न. यंत्राला सुचला नाही, सरांना सुचला. दुकानांच्या दिवाळीच्या कार्यक्रमात त्यासाठी मला शाल दिली, नारळ दिला. मी ती शाल अंगावर घेतली. ती कपाटात आहे.

त्या कार्यक्रमाचा फोटो कुणीतरी स्नेहलला पाठवला असावा. तिचा मेसेज आला: सर, तो प्रश्न तुम्ही घातलात ते लय बरं झालं. माझ्याकडून राहिला होता.

मी तिला उत्तर पाठवलं. धन्यवाद, असं लिहिलं.