रुपरावांचा कान

महाल या जुन्या वस्तीत गांधीगेटकडून आत आलं की तिसऱ्या वळणावर रुपरावांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे राहत्या घराचीच पुढची खोली. दोन घरं सोडून यंत्रमाग चालत आणि त्यांची खटखट सकाळी आठपासून भिंतीतून येत राही. रुपराव कोष्ट्याच्या घरातले. लहानपणी हातमागाशेजारी झोपले, मिसरूड फुटल्यावर सात वर्षं यंत्रमागावर उभे राहिले. मग पत्राने शिकवणाऱ्या एका कोर्सातून रेडिओ शिकून त्यांनी माग सोडला. मागाने मात्र त्यांना सोडलं नव्हतं, हे त्यांना फार उशिरा कळलं.

त्यांच्या हातापेक्षा त्यांच्या कानाची ख्याती मोठी होती. गिऱ्हाईक रेडिओ टेबलावर ठेवी. रुपराव तो लावत, डोळे मिटत आणि मागचं झाकण न उघडताच सांगत, "दुसरा व्हॉल्व गेला. उद्या घेऊन जा." दुरुस्ती झाल्यावर बाकीचे मेकॅनिक विचारत, आता बरा वाटतो का? रुपरावांनी हे कधी विचारलं नाही. बरा वाजतो की नाही हे ते स्वतः सांगत, आणि लोक मान्य करत. एखाद्याने कुरकुर केलीच तर शेजारी म्हणत, "अरे, रुपरावभाऊनं सांगितलं ना, मंग झालं."

चौसष्ट साली त्यांनी मनोहररावांच्या ऑर्केस्ट्रासाठी एक अँप्लिफायर बांधला. सागवानी खोका, आत काचेचे चार व्हॉल्व, आणि ट्रान्सफॉर्मर स्वतःच्या हाताने वेढा मोजत गुंडाळलेला. उचलायला दोन माणसं लागत. ऑर्केस्ट्रातला कृष्णकांत त्यावर गिटार वाजवायचा. आवाजाचं बटण त्याने पाऊण फिरवलं की त्या खोक्यात काहीतरी व्हायचं. आवाज फाटायचा नाही, दाटायचा. आटायला ठेवलेल्या दुधावर साय धरावी तसा एकेक सूर जड होत वर यायचा आणि कडेवर थरथरत थांबायचा. कामठीपासून नरखेडपर्यंत, लग्नात, गणपतीत, लोक त्या सुरासाठी थांबत. वाजवणारा कृष्णकांत असे. मागे, कनातीला टेकून, तो सूर आपला आहे हे ठाऊक असलेला एक माणूस उभा असे. रुपरावांनी आयुष्यात शेकडो वस्तू दुरुस्त केल्या. घडवली ती एवढीच.

पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात काटोलकडच्या एका लग्नात ट्रान्सफॉर्मर जळाला आणि जाताना दोन व्हॉल्व घेऊन गेला. ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळता आला असता. तसले व्हॉल्व बाजारातून उठले होते. सीताबर्डीतला दुकानदार म्हणाला, "भाऊ, आता अजबबंगल्यातल्या जुन्या वस्तूंत पाहा." मनोहररावांनी मुंबईहून ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर मागवला. एका हाताने उचलता येणारा. त्याचा आवाज स्वच्छ होता, आणि कृष्णकांतला तो स्वच्छपणा सोसेना.

"धुतलेल्या सतरंजीसारखा वाजून राहिला, भाऊ," तो दुकानात येऊन म्हणाला. "वाढवला तं साला फुटते. दाटतच नाही."

त्यानेच सांगितलं, की मुंबईच्या एका वाजवणाऱ्याजवळ त्याने एक विलायती डबी पाहिली. गिटार आणि अँप्लिफायरच्या मध्ये जोडायची, जमिनीवर ठेवायची, पायाने बटण दाबलं की ट्रान्झिस्टरमधून व्हॉल्व बोलतो.

"खोटा व्हॉल्व," रुपराव म्हणाले.

"खोटा तं खोटा. तुम्ही करून द्या."

रुपराव आठ महिने त्या डबीवर खपले. विजेच्या बटणांसाठी भिंतीत बसवतात तसली लोखंडी पेटी घेतली. जुन्या रेडिओंतून डायोड काढले आणि दोन-दोन उलटसुलट लावून पाहिले. तत्त्व सोपं होतं. ट्रान्झिस्टर आवाजाच्या लाटेचा माथा विळ्याने कापतो, व्हॉल्व तो तळव्याने दाबतो. कापणाऱ्याला दाबायला शिकवायचं. पेटी वाजायला लागली, आवाज जाडही झाला, पण रुपरावांना वाटे की त्यावर गोधडी टाकली आहे. सूर आहे, सुराची धार गोधडीखाली. ते एक कपॅसिटर बदलत, गोधडी थोडी सरके. आणखी एक बदलत.

याच काळात ते म्हणू लागले होते, की महालात आता रातकिडे राहिले नाहीत.

"आहेत ना जी," मनकर्णाबाई दिवा लावता लावता म्हणाल्या. त्या त्यांच्या पत्नी. "किती तं ओरडून राहिले."

"कुठी?"

"कुठी म्हणजे? मोरीत, अंगणात. सगळीकडे."

"तुह्या डोक्यात आहेत वं ते," रुपराव हसून म्हणाले, आणि पुन्हा पेटीत वाकले.

सत्याहत्तरच्या श्रावणात पेटी पुरी झाली. गोधडी पूर्ण निघाली होती. रुपरावांनी मागच्या चार स्क्रूंवर लाल लाखेचे ठिपके दिले. आपल्या हातचं काम दुसऱ्याने उघडलं तर कळावं म्हणून ते असं करत. पेटी घेऊन ते तालमीला गेले. कृष्णकांतने वायर जोडली. पाय उचलला आणि तसाच धरला.

"तुमच्या हातची वस्तू, अन् पाय ठेवू?"

तो वाकला, पेटीला बोटं लावून ती कपाळाला लावली आणि मग बटणावर पाय दिला.

रुपरावांनी डोळे मिटले. आला होता. तेरा वर्षांपूर्वीचा सूर, जड आणि थरथरता, कडेवर उभा. डोळे उघडले तेव्हा ढोलकवाला कानावर हात धरून होता आणि मनोहररावांचं तोंड चिंच चावल्यासारखं झालं होतं. बाहेर गल्लीतलं कुत्रं विव्हळत होतं.

"भाऊ," मनोहरराव म्हणाले, "कुत्र्यालेही पसंत पडलं वाटते."

सगळे हसले. रुपराव हसले नाहीत.

"तुमचे कान ट्रान्झिस्टरचे झाले, मनोहरराव. दोन वर्षं धुतलेलं आयकलं, आता मीठ लागलं तं जीभ पोळून राहिली."

"अहो, पण शिटी वाजून राहिली मधातून. काच खरवडल्यावानी."

"कुठी आहे शिटी? कृष्णकांत, तू सांग गा. आहे शिटी?"

कृष्णकांत गिटारच्या तारांकडे पाहत होता. पंधरा वर्षांचा असल्यापासून तो या माणसाच्या दुकानात बसत आला होता. गिटार सुरात लावायला त्याला रुपरावांनी शिकवलं होतं, स्वतःला एक गाणं वाजवता येत नसताना. खोलीत सगळे त्याच्या उत्तराची वाट पाहत होते, आणि रुपराव जरा पुढे वाकले होते, ऐकायला वाकतात तसे.

"बढिया आहे, भाऊ," तो म्हणाला. "गणपतीत हेच वाजवतो."

घरी परतताना रुपराव भराभर चालले. शिटी हा शब्द मात्र दारापर्यंत मागे आला. रात्री त्यांनी पेटी पुन्हा ऐकली. शिटी नव्हती. त्यांनी मनकर्णाबाईंना बोलावलं नाही. बोलावता आलं असतं.

इतवारीतल्या गणपतीच्या मंडपात ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम ठरला. त्या दिवशी दुपारी रुपरावांनी स्क्रूंवरची लाख खरवडली, आतली जोडणी शेवटची तपासली, नव्याने लाख लावली. संध्याकाळी कृष्णकांत येऊन पेटी घेऊन गेला. रुपरावांनी इस्त्रीचा सदरा कपाटातून काढला, पण मग दुकानातलाच अंगावर ठेवला. मनकर्णाबाईंना घेऊन ते तिसऱ्या रांगेत बसले. कनातीमागे उभं राहायचं त्यांनी या वेळी टाळलं. आज लोकांसारखं समोरून ऐकायचं होतं.

पाचवं गाणं. मधल्या जागेत गिटार एकटी सुटते तिथे कृष्णकांत पुढे आला. पेटी त्याच्या पायाशी होती. तो वाकला, पेटीला बोटं लावली, कपाळाला लावली. पाय उचलून बटणावर ठेवला.

आणि सूर दाटला. रुपरावांनी तो साफ ऐकला. मागाची खटखट, लग्नांतला धूर, जळालेल्या ट्रान्सफॉर्मरचा वास, सगळ्यातून तो वर आला आणि कडेवर थांबला, फुटला नाही. त्यांचे डोळे भरले. मंडपात कोणी कानावर हात धरला नाही. कोणी तोंड वाकडं केलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आयकलं काय वं?"

"आयकलं," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"कुठी गेली मनोहररावची शिटी?"

 गिटार मनकर्णाबाईंना रोजच्यासारखीच वाटली होती. पण गिटारमधलं आपल्याला काय कळतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या धुण्याला बसल्या आणि ओल्या हाताने दुकानात आल्या.

"हे तुमच्या सदऱ्याच्या खिशात होतं. बुडालंच असतं पाण्यात."

हातावर चौकोनी छोटा सेल होता, नऊ व्होल्टचा, पेटीत घालायचा.

रुपराव सेलकडे पाहत राहिले. काल दुपारी, तपासणी झाल्यावर. सेल फुकट उतरू नये म्हणून काम झालं की तो काढून खिशात टाकायची त्यांची सवय होती. काढला होता. परत घातला नव्हता. वर लाख लावली होती.

सेल नसला आणि बटण दाबलं तर ती पेटी गिटारचा गळाच धरते. एक सूर बाहेर येत नाही. हे त्यांनीच करून पाहिलं होतं, टेबलावर, कितीदा तरी. आणि काल गिटार थांबली नव्हती.

दहाच्या सुमारास कृष्णकांत आला. कापडात गुंडाळलेली पेटी त्याने टेबलावर ठेवली.

"मस्त झालं, भाऊ. लोक विचारत होते, कोणाची कारागिरी म्हणून."

रुपरावांनी पेटी उलटी केली. लाखेचे चारही ठिपके शाबूत होते. पेटी उघडून कोणी दुसरा सेल घातला नव्हता.

"सेल बरोबर चालला?"

"एकदम. जराही उतरला नाही."

रुपरावांची मूठ टेबलाखाली होती. सेल मुठीत होता. मूठ उघडून टेबलावर ठेवली असती तर पुढे काय झालं असतं, हे त्यांना पूर्ण दिसलं. कृष्णकांत रडला असता. त्याने पाय धरले असते. तुमच्यासाठीच केलं म्हणाला असता, आणि ते खरं असतं. रागावायला जागाच नव्हती. पोराने वायर पेटीत न जोडता सरळ अँप्लिफायरला लावली होती आणि खोटं बोलून त्यांची अब्रू झाकली होती. त्याने काय केलं हे आता लहान झालं होतं. काल मंडपात तो सूर वाजलाच नव्हता, आणि त्यांनी तो ऐकला होता. थरथर, धार, साय, सगळ्यासकट. मग गेली पाच-सहा वर्षं रोज जे ऐकलं, त्यातलं बाहेर किती होतं? किती रेडिओ शिट्या मारत लोकांच्या घरी गेले, आणि किती घरांत कोणी तोंड उघडलं नाही, रुपरावभाऊंनी सांगितलं म्हणून?

"ठेवू इथंच?" कृष्णकांत विचारत होता. "पुढच्या प्रोग्रामले घेऊन जाईन. स्टेजवर पायानं धक्के लागतात, म्हणून म्हटलं."

"ठेव."

"नाराज तं नाही ना, भाऊ?"

"कायले? चांगली वाजली. मी आयकली ना."

तो गेला. माग चालू होते. त्यांची खटखट मात्र भिंतीतून अजून नीट येत होती, खालच्या, जाड अंगाने, काही कमी न होता. गेले होते ते बारीक आवाज, रातकिड्यांचे, शिट्यांचे; सात वर्षं मागावर उभं राहून. रुपरावांनी पेटीचे स्क्रू काढले नाहीत. ती मागच्या फळीवर, जळालेल्या ट्रान्सफॉर्मरशेजारी ठेवली आणि सेल खणात टाकला.

दुपारी पलीकडच्या गल्लीतल्या यमुताई आल्या. मागच्या आठवड्यात दुरुस्त करून नेलेला रेडिओ त्यांनी परत आणला होता. त्या संकोचून उभ्या होत्या.

"बिघडला नाही जी. पण मधातच बारीक शिटी देते. माझंच डोकं दुखत असेल."

रुपरावांनी रेडिओ लावला. डोळे मिटले. रेडिओत एक गायिका गात होती, मागे तबला होता, आणि सगळं ठीक होतं. त्यांनी डोळे उघडले. यमुताईंच्या कपाळाला आठी पडली होती.

त्यांनी मागचं झाकण काढलं. पेचकस घेऊन एक स्क्रू पाव फेरा फिरवला आणि आठीकडे पाहिलं. आठी तशीच. अजून पाव फेरा. त्यांची नजर रेडिओवर नव्हतीच. तिसऱ्या वेळी आठी सैल झाल्यासारखी वाटली, पण खात्री होईना. दारातला उजेड बाईंच्या पाठीशी होता आणि चेहरा नीट दिसत नव्हता.

"यमुताई," रुपराव म्हणाले, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "आता बरा वाटते काय?"

बाई गोंधळल्या.

"मी काय सांगू, भाऊ? तुम्ही सांगा ना. तुम्ही म्हणाल तसं."

रुपराव पेचकस तसाच धरून, त्यांच्या ओठांकडे पाहत थांबले.