रिकामं आहे, बाबा

मी पायदळातून हवालदार म्हणून रिटायर झालो. तेवीस वर्षं नोकरी केली, त्यातली नऊ वेपन ट्रेनिंग इन्स्ट्रक्टर म्हणून; जवान मला उस्ताद म्हणत. हत्यारांचं वेड मला पहिल्यापासून. डोळ्यांवर पट्टी बांधून एलएमजी मशीनगन खोलून जोडायची पैज मी कधी हरलो नाही. त्यामुळे अमेरिकेत नेपरव्हिलला लेकीकडे गेलो असताना जावई अमेयरावांनी "बाबा, शनिवारी गन शो आहे, येणार का?" असं विचारलं, तेव्हा मी आदल्या रात्रीच बूट पॉलिश करून ठेवले.

मुग्धा, माझी मुलगी, जेवताना म्हणाली, "बाबा, तुम्ही व्हिजिटर व्हिसावर आहात. तिथे कशाला हात लावायचा नाही. प्रॉमिस?"

"नाही लावत."

"आणि ह्याच्यावर लक्ष ठेवा. मागच्या वर्षी शेजारी चोरी झाली म्हणून ह्यानं पिस्तूल घेतलं. सगळं शिक्षण व्हिडिओ बघून."

"कमॉन यार, मुग्धा," अमेयराव हसले. मीही हसलो. खरं तर तेव्हाच ते पिस्तूल बघायला मागायला हवं होतं.

०७३० ला निघालो. राज्याची हद्द ओलांडून ०९२० ला मैदानावर पोचलो. एरवी तिथे गुरांचं प्रदर्शन भरतं. हॉलमध्ये अजून गवताचा वास होता. लांबच लांब टेबलं आणि त्यांवर रायफली, पिस्तुलं, जुन्या संगिनी. सुरुवातीला मी हरखून गेलो. एका टेबलावर दुसऱ्या महायुद्धातली रायफल होती, तिचं लाकूड बघून हात शिवशिवले. पण शब्द दिला होता. दोन्ही हात पाठीमागे बांधून फिरत राहिलो.

मग मजा कमी होत गेली. लोक रायफल उचलत, खांद्याला लावत आणि गर्दीवरून फिरवत. दहा मिनिटांत चार नळ्या माझ्या छातीवरून गेल्या. प्रत्येक हत्यारात प्लॅस्टिकची पट्टी अडकवून ते बंद केलेलं होतं, हे मला दिसत होतं. तरी प्रत्येक वेळी मी बाजूला सरकत होतो. एक बाई कडेवरच्या मुलीला रिव्हॉल्व्हर दाखवत होती. रिकामं आहे, असं सगळेच एकमेकांना सांगत होते.

अमेयराव दोन कॉफ्या घेऊन आले.

"नको," मी म्हटलं. "हत्यार समोर असताना मी काही पीत नाही."

"आर्मी रूल?"

"माझा."

एका दुकानदाराकडे त्यांना पिस्तूल कमरेला अडकवायचं चामड्याचं होल्स्टर आवडलं. त्याला त्यांनी माझी ओळख करून दिली, हे इंडियन आर्मीत ऑफिसर होते म्हणून. जावई मला नेहमी प्रमोशन देतात.

"हवालदार," मी सांगितलं.

दुकानदार म्हणाला, पिस्तूल रिकामं करून घेऊन या, बसतं का पाहू. ते गाडीत डिकीतल्या पेटीत होतं. आम्ही दोघं बाहेर आलो. वेळ १०१०.

अमेयराव पेटी घेऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसले, मी शेजारी. समोर दहा पावलांवर एक म्हातारं जोडपं आपल्या ट्रकच्या मागच्या फळीवर बसून सँडविच खात होतं. अमेयरावांनी पिस्तूल काढलं. आधी स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून सोडली. मग मॅगझिन काढलं.

"एम्प्टी. रिकामं आहे, बाबा. आता एक क्लिक केलं की कन्फर्म."

नळी काचेकडे होती. बोट ट्रिगरवर गेलं.

"जैसे थे!"

परेड ग्राउंडवर चूक जागीच थांबवायची ऑर्डर, आणि आवाजही तिथलाच. म्हाताऱ्यानंही वळून पाहिलं. मी अमेयचं मनगट धरून नळी गाडीच्या तळाकडे दाबली.

"बोट बाहेर काढ."

"बाबा, मॅगझिन काढलंय..."

"बोट बाहेर! आता ओढ. हळू."

त्यानं स्लाइड ओढली. एक जिवंत गोळी उडून पायाशी पडली. गोळ्यांचं मॅगझिन आत असताना त्यानं स्लाइड ओढली होती, तेव्हा तिनंच ती गोळी चेंबरमध्ये, नळीच्या मुळाशी, चढवली होती. काढायचं ते आधी मॅगझिन. अमेय त्या गोळीकडे बघत राहिला.

ट्रकवरच्या बाईनं आमच्याकडे पाहून हात हलवला. मीही हलवला.

पिस्तूल मी त्याच्याकडून तीनदा तपासून घेतलं आणि पेटीत बंद करायला लावलं. होल्स्टर राहिलं. परतीच्या वाटेवर त्यानं गाडी थांबवून चहा आणला. "आता घ्याल?" मी घेतला. मग त्याला ते सांगितलं, जे मुग्धाच्या आईलाही कधी सांगितलं नव्हतं.

सीमेवरची पोस्ट. सकाळचे ०६००, धुकं. गार्ड कमांडर मी. पहारा बदलताना उतरणाऱ्या जवानानं रायफल रिकामी करायची, गार्ड कमांडरनं टॉर्च लावून चेंबर पाहायचं, 'ठीक' म्हणायचं, मगच ट्रिगर दाबायचा. सिपाही जाधवचे हात थंडीनं बधिर झाले होते. त्यानं आधी रायफल कॉक केली, म्हणजे खटका मागे ओढून सोडला, मग मॅगझिन काढलं. अमेयनं केलं तेच. माझ्या हातात टॉर्चऐवजी चहाचा मग होता. न बघताच मी म्हटलं, "ठीक."

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी सगळं खरं सांगितलं. सजा झाली. मी पुढे सुभेदार का झालो नाही, असं गावात विचारतात. नशीब, असं सांगतो.

अमेयनं विचारलं, "गोळी कुणाला लागली, बाबा?"

लान्स नायक दत्ताराम शेलार. वय चोवीस. जाधवच्या जागी उभा राहायला आला होता, वेळेच्या दोन मिनिटं आधी. पडण्यापूर्वी त्याचं बोलणं माझ्याशीच चाललं होतं. तो म्हणाला होता, "उस्ताद, मला पण ठेवा घोटभर."