दस्त्यावरचे दात

महिपत आप्पांच्या बंदुकीने उभ्या आयुष्यात एकच बळी घेतला. केरूचा. आणि तोही आवाज न करता.

घाबरू नका, केरू जिवंत आहे. आप्पांनी अंगणातून हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ राहतो. फक्त हल्ली ओ देत नाही.

लांज्यापासून आतल्या अंगाला आप्पांची वाडी. बंदूक वडिलांची, पिकाच्या राखणीसाठी परवाना काढून घेतलेली, एकनळी. काजूच्या बागेत रानडुकरं शिरली की आप्पा आभाळाकडे बार काढत. डुकरं मान वर करून बघत आणि पुन्हा उकरायला लागत. बंदुकीचा दरारा एवढाच.

यंदाच्या कडक उन्हात तिच्या लाकडी दस्त्याला भेग गेली. आप्पा ती घेऊन रत्नागिरीत आत्मारामकडे गेले. त्या भागातल्या परवान्याच्या बंदुका तोच दुरुस्त करतो. त्याने दस्ता उजेडात धरला. गाल टेकतो त्या जागी दातांचे ठसे होते, एका ओळीत आणि मधोमध एक खिंड. भेग तिथूनच निघाली होती.

"आप्पा, वरून रंधा मारतो. भेग बुजेल, ठसे जातील. पॉलिश केलं की नवरीसारखी दिसेल."

"आणि ठसे ठेवायचे झाले तर?"

"तर आतून पितळेची खीळ घालून भेग आवळायची. काम पक्कं होईल, पण रूप हेच राहील. डुकराने चावलेली बंदूक कोणाला मिरवायचीय?"

"वायच विचार करून सांगतो," म्हणत आप्पा बंदूक परत घेऊन आले.

डुकराने चावल्याची गोष्ट सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. आप्पांच्या वडिलांनीच ती घरोघरी सांगितली होती आणि वडिलांना ती आप्पांनी सांगितली होती. डुकराला पुढचा एक दात कसा नव्हता, हे मात्र कोणी विचारलं नाही.

खरं सांगायचं तर ते दात खोताचे होते.

आप्पा आणि केरू तेव्हा ऐन विशीतले. वाडीच्या पूजेला दरवर्षी नाटक व्हायचं. त्या वर्षी आप्पा गरीब कुळाचा मुलगा आणि केरू जुलमी खोत. शेवटच्या अंकात मुलाने खोताला गोळी घालायची. लाकडी बंदूक तालमीतच मोडली, म्हणून आप्पांनी वडिलांची खरी बंदूक त्यांच्या नकळत रिकामी करून, दोनदा तपासून, गोधडीत गुंडाळून आणली. चाप ओढला की पडद्यामागे सुतळी बॉम्ब वाजवायचा, असं ठरलं होतं.

आप्पांनी नेम धरला. "खोता, तुझी घटका भरली!" चाप ओढला.

काहीच नाही. दवाने बॉम्बची वात ओली झाली होती.

केरू मिशीला पीळ देत उभा. "झाड! झाड गोळी! भ्यालास काय रे?"

आप्पांनी पुन्हा चाप ओढला. पुन्हा चिडीचूप. पडद्यामागून काडी घासल्याचा आवाज तेवढा आला. केरूने तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं, मग पहिल्या ओळीतल्या यमुनाबाई ओरडल्या, "अरे मेल्या, मर की आता! आम्हाला घरी जायचाय!"

केरू आज्ञाधारक. छाती धरून कोसळला. आप्पांनी बंदूक त्याच्या तोंडाशी टाकली, गुडघे टेकले, हात जोडले आणि रडवेल्या आवाजात शेवटचं भाषण सुरू केलं, "देवा, माझ्या हातून..."

धडाम्!

मेलेला खोत वीतभर उडाला. यमुनाबाई म्हणाल्या, "मेल्यावर बार झाला गो बाई!" हसण्याने मांडव फुटायचा बाकी राहिला. प्रेताला हसू आवरेना. पोट हलायला लागलं, तेव्हा केरूने मान वळवली आणि जवळ होता तो दस्ता दातांत घट्ट पकडला. पडदा पडेपर्यंत त्याने तो सोडला नाही. म्हणून ते ठसे. आणि ती खिंड केरूच्या पडलेल्या दाताची.

आता केरूच्या तोंडात मूळचा एकही दात नाही. गेल्या वर्षी त्याने कवळी बसवली. पहिल्याच दिवशी बसथांब्याजवळच्या टपरीवर कोणीतरी काहीतरी बोललं, केरू पूर्वीसारखा खदखदून हसला आणि कवळी समोरच्याच्या चहात पडली. तेव्हापासून तो तोंडावर पंचा धरून बोलतो, हसायचं तर नावच नाही. पूजेच्या नाटकाला येऊन बसणंही त्याने सोडलं.

आप्पा दस्त्यावर अंगठा फिरवत ओटीवर बसून होते. केरूचं हसणं आता फक्त इथंच उरलं होतं. त्यावर रंधा फिरवायला त्यांचा जीव धजत नव्हता.

"अवो, बंदुकीला कुरवाळताय काय?" आप्पांच्या बायको मैनाबाई आतून म्हणाल्या. "ज्याचे दात त्याला जाऊन विचारा की."

आप्पा दचकले. "तुला कोणी सांगितलं?"

"लग्नाआधी मी त्याच मांडवात होते. तुमच्या डुकराला मिशी होती."

आप्पा बंदूक घेऊन केरूकडे गेले. केरू पडवीत पंचा तोंडाला लावून बसला होता.

"केर्‍या, दात घेऊन आलोय तुझे."

"रिकामी हाय ना?"

"तेव्हापण रिकामीच होती."

आप्पांनी सगळं सांगितलं. केरूने ठशांकडे पाहिलं आणि मान फिरवली. "घासून टाक. तोंडच नाय राहिला, आता दात कशाला?"

"बरं," आप्पा म्हणाले. पण उठले नाहीत. "नाहीतरी सगळे डुकराचेच समजतात. तसेही माणसाचे वाटतच नाहीत."

"डुकराचे? दाखव इकडे!" केरूने कवळी काढली आणि ठशांवर टेकवली. "बघ, कसे रांगेत... च्यायला, हिला खिंड नाय." त्याने जोर करून दाबली. भेग किंचित उघडली, पुन्हा मिटली आणि कवळी चिमट्यात सापडल्यासारखी बसली.

केरूने ओढली. येईना. आप्पांनी बंदूक ओढली. तीही सुटेना. शेवटी बंदूक सरळ उभी धरली, तर दस्ता दात विचकून दोघांकडे बघत होता.

"अरे," केरू म्हणाला, "खोत परत आला!"

आणि तो हसला. पंचा खाली पडला, बोळकं उघडं पडलं, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी थांबेना. आप्पा त्याच्या खांद्यावर कपाळ टेकून हसत होते. शेवटी हसण्याचा गलका ऐकून मैनाबाई नारळ सोलायची कोयती हातात तशीच घेऊन केरूच्या पडवीत आल्या, तिच्या टोकाने त्यांनी हळूच भेग उघडली आणि कवळी केरूच्या हातावर ठेवली. "धू आधी," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आत्मारामच्या दुकानात दोघंही गेले. केरू बाहेर बाकावर बसला, कवळी खिशात घालून.

"खीळ घाल," आप्पा म्हणाले. "ठशांना हात लावायचा नाय."

"डुकरावर एवढी माया, आप्पा?"

"डुक्कर कसला? खोत होता तो."

आत्मारामचा हात थांबला. "खोताने चावलं? कधी?"

बाहेरच्या बाकावरून बोळक्या तोंडाने उत्तर आलं,

"मेल्यावर!"