अर्धा धवला

हातातलं काम खाली ठेवायचं, पायातल्या चपला काढायच्या आणि उभ्याउभ्या गाणं पुरं करायचं. मावशींची ही रीत तुम्ही सानपाड्याच्या भाजीबाजारात पाहिली असेल, तर बाईचं डोकं फिरलंय असं तुम्हाला वाटलं असेल. तसं काही नव्हतं. चूक माझी होती.

मावशी माझ्या घरमालकीण. गावठाणातल्या त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. त्या धवलारीण होत्या. आगरी लग्नात देवांना बोलावत धवले गातात, ते काम त्यांचं. वऱ्हाड उशिरा आलं तर गातागाताच व्याह्यांना दोन शब्द सुनावायच्या. त्यांचे धवले त्यांच्या आईकडून आलेले, बाकीच्या धवलारणींचे वेगळे.

सीवूड्सच्या चार पोरांचा पॉप पंक बँड माझ्याकडे यायचा. धडाधड ड्रम, तीन कॉर्ड, आणि प्रेमभंग झाला तरी उड्या मारायच्या. एकदा मावशी दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी जिन्यात बसून धवला आठवत होत्या. गायक थबकला. मी मावशींना आत बसवून माइक लावला. दोन ओळी झाल्या, पोरं खूश झाली, मी मशीन थांबवलं. मावशी म्हणाल्या, पुरा होऊ दे की. मी म्हणालो, एवढंच लागतं.

त्या दोन ओळी घालून पोरांचं गाणं आलं आणि उचललंच गेलं. रिक्षात तेच, जिममध्ये तेच, हळदीच्या डीजेवरही तेच. गावात म्हातारे चिडले, देवाचं गाणं नाचात घातलं म्हणून. गावच्या तरण्या पोरांना वाटलं, आपल्या आजीचा आवाज जगात गेला. मावशींची तक्रार दोघांहून वेगळी होती.

"देवांना बोलावलाव, बसायला पाट नाय दिला. उंबऱ्यावर उभंच हायेत."

देव बसतात ते धवल्याच्या पुढच्या भागात. म्हणून गाणं जिथे कानावर येईल तिथे त्या उरलेलं गात. मॉलमध्ये सिक्युरिटीवाला धावत आला, तेव्हा त्यांची पिशवी धरून मी उभा होतो आणि मला हसू आवरत नव्हतं. मी म्हटलं, मावशी, हे दिवसभर शंभर ठिकाणी वाजतं, कुठेकुठे पुराल?

"माना ऐकू येतं तेवरं तरी करीन."

पुढचं रेकॉर्ड करून घेतो, असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं. पण त्या गाण्यामुळे माझ्याकडे कामाची रांग लागली. मावशी दोनदा अंघोळ करून, नऊवारी नेसून खाली आल्या, दोन्ही वेळा आत दुसरंच कुणी गात होतं. दिवाळीनंतर नक्की, मी म्हणालो. त्या वर गेल्या. मला आजही त्याची लाज वाटते.

दिवाळीच्या आधीच त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. वाशीच्या हॉस्पिटलात मी त्यांच्याजवळ बसलो होतो. शेजारच्या खाटेवर कुणाचा तरी फोन वाजला. तेच गाणं. फोन उचलला गेला, त्याच दोन ओळींवर.

मावशींनी चालत्या हाताने माझं मनगट पकडलं. ओठ हलले, आवाज आला नाही. मग त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांना काय हवंय ते मला कळलं.

मला पुढचं येत नव्हतं. सगळ्यांना येतात त्या दोनच ओळी येत होत्या, देवांना बोलावण्याच्या. मी त्याच म्हटल्या.

मावशींनी माझं मनगट सोडलं आणि तोंड भिंतीकडे केलं.